सरनौबत ते सेनापती: मराठी राज्याच्या लष्करप्रमुखाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेताजी, प्रतापराव, हंबीरराव, संताजी, धनाजी ही नावे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. पण पानिपतावर राज्याचा सेनापती कुठे होता असे विचारले, की भलेभले थबकतात. धनाजींनंतरच्या सेनापतींची नावे तर क्वचितच कोणी सांगते. या पदाचे पुढे काय झाले, याचे उत्तर लढायांपेक्षा पगाराच्या हिशेबात जास्त सापडते, असे माझे मत आहे. खालची उत्तरे त्याच अंगाने लिहिली आहेत.

मराठी राज्याचा सर्वोच्च लष्करी अधिकारी कोण असे?

छत्रपतींच्या खालोखाल फौजेचा मुख्य म्हणजे सेनापती. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर तो अष्टप्रधानांपैकी एक होता. पेशवा, अमात्य, सचिव, मंत्री, सुमंत, पंडितराव आणि न्यायाधीश हे बाकीचे सात. पंडितराव आणि न्यायाधीश सोडले तर या सगळ्यांनाच प्रसंगी मोहिमेवर जावे लागे. मोरोपंत पिंगळ्यांनी पेशवे असताना मोठ्या फौजा चालवल्या आहेत. त्यामुळे लढाई हे एकट्या सेनापतीचे काम नव्हते. मात्र कायमची घोडदळाची फौज सांभाळणे आणि तिच्या वतीने राजापुढे बोलणे हे त्याचेच काम होते.

सरनौबत, सेनापती, सरसेनापती यांतले बरोबर काय?

तिन्ही चालतात, पण काळ वेगळे आहेत. राज्याभिषेकापूर्वी ‘सरनौबत’ हा दक्षिणेतल्या सुलतानी राज्यांकडून आलेला हुद्दा चालू होता. राज्याभिषेकाच्या वेळी पदांना संस्कृत नावे दिली गेली, तेव्हा ‘सेनापती’ आले. जुने नाव लगेच गेले नाही; लोकांच्या तोंडी आणि बखरींत सरनौबत पुढेही दिसतो. ‘सरसेनापती’ हे आज भाषणांत आणि फलकांवर सर्रास दिसते. त्यावरून कोणी हुज्जत घालू नये.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुरुवातीला घोडदळाचा सरनौबत वेगळा आणि पायदळाचा वेगळा असे. येसाजी कंक हे पायदळाचे सरनौबत. मान आणि पल्ला या दोन्हींत घोडदळाचा सरनौबत मोठा, आणि पुढचे सेनापतीपद त्याच्याच वाटेने आले.

किल्ल्यावरही सरनौबत असायचा. तो हाच का?

नाही. प्रत्येक महत्त्वाच्या गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तिघे अधिकारी असत. किल्ल्या, हिशेब आणि पहाऱ्याची माणसे यांचा कारभार तिघांत वाटलेला, म्हणजे एकटा कोणी फितला तरी गड जाऊ नये. प्रतापराव होण्यापूर्वी कडतोजी गुजर हे राजगडाचे सरनौबत होते, असे शिवाजी महाराजांची बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद सांगतो. पुढे ते साऱ्या घोडदळाचे सरनौबत झाले. दोन्हीकडे नाव एकच असल्याने वाचताना घोटाळा होतो.

सेनापतीचे काम नेमके काय होते?

राज्याभिषेकाच्या वेळच्या कानुजाबत्यात, म्हणजे प्रधानांच्या कामांच्या नियमावलीत, ते मोजक्या शब्दांत दिले आहे. सैन्याचे रक्षण करावे, युद्धप्रसंगी स्वारी करावी, जो मुलूख ताब्यात येईल तो राखून त्याचा हिशेब रुजू करावा, आज्ञेत वागावे आणि फौजेच्या लोकांचे म्हणणे राजासमोर मांडावे. फौजेच्या सर्व सरदारांनी त्याच्याबरोबर चालावे.

यात दोन गोष्टी मला फार बोलक्या वाटतात. पहिली म्हणजे हिशेब रुजू करणे. मोहिमेवरून परत येणारा सेनापती कारकुनापुढे उभा राहणारच, हे गृहीत आहे. दुसरी म्हणजे फौजेच्या वतीने बोलणे. शिपायाचा थकलेला पगार, मेलेल्या घोड्याची भरपाई, जखमी माणसाची सोय ही गाऱ्हाणी वर पोहोचवणारा माणूस तोच. रणांगणावरचा सेनापती चित्रांत दिसतो, हा दुसरा मात्र कुठल्याच चित्रात दिसत नाही.

त्याच्या हाताखालची फौज कशी रचलेली होती?

सभासदाने दिलेली घोडदळाची उतरंड अशी: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी, आणि सगळ्यांच्या वर सरनौबत. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. घोडा, हत्यार, पगार सगळे सरकारचे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. दोघांतला बारगीर हा सरकारच्या जास्त हातातला, म्हणून पागेवर राज्याचा भर होता.

जुमलेदाराला वर्षाला पाचशे होन (सोन्याची नाणी), हजाऱ्याला हजार आणि पंचहजाऱ्याला दोन हजार, असे सभासदाचे आकडे आहेत. अष्टप्रधानांमध्ये पेशव्याला पंधरा हजार होन, अमात्याला बारा हजार आणि सेनापतीसह बाकीच्यांना दहा हजार, असे सांगितले जाते.

पगार रोख किंवा वरातीने, म्हणजे ठरलेल्या खजिन्यावरच्या हुकमाने मिळे. कोणाही सरदाराला फौजेच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यायचा नाही, हे शिवाजी महाराजांचे धोरण होते. हे वाक्य विसरू नका. पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

एवढी फौज एका माणसाच्या हाती, मग त्याच्यावर अंकुश कोणाचा?

पगार खजिन्यातून असल्यामुळे स्वार सेनापतीचा नव्हता, राजाचा होता. प्रत्येक टप्प्यावर मुजुमदार (हिशेब तपासणारे), कारकून, जासूद (बातमी पोहोचवणारे) असत आणि ते सेनापतीने नेमलेले नसत. किल्ल्यांचा कारभार वेगळा, त्यामुळे रुसलेल्या सेनापतीला गड बळकावून बसणे सोपे नव्हते. दसऱ्याला फौज बाहेर पडताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूची यादी होई. परतल्यावर पुन्हा झडती, आणि वाढलेला माल सरकारजमा. पावसाळ्यात छावणी आपल्या मुलखात. लष्करात बायका, बटक्या, कलावंतिणी नेऊ नयेत, हा दंडक होता.

छावणीत बसलेली फौज रयतेला किती जड होते, हे महाराजांना ठाऊक होते. चिपळूणच्या बाजूला उतरलेल्या फौजेच्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात दाणा-वैरण बेताने वापरायला सांगितले आहे, आणि रात्री दिवा जळत ठेवलात तर उंदीर वात पळवील आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत बजावले आहे. वैरण संपली की लोक कुणब्याच्या घरात शिरतील, मग रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. राज्याचा मुख्य उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत लक्ष घालत असेल, तिथे सेनापतीने ढिलाई करायची सोय उरत नाही.

नेमणूक कशी होई? पद वारशाने मिळे का?

शिवकाळात नाही. सुरुवातीला माणकोजी दहातोंडे, मग नेताजी पालकर, प्रतापराव गुजर, हंबीरराव मोहिते: चार माणसे, चार घराणी. बापानंतर मुलगा हा प्रकार नाही. निवड महाराजांची, दूर करणेही त्यांच्याच हाती. सरदार जवळचे राहावेत म्हणून सोयरीक मात्र केली जाई. राजाराम महाराजांचे पहिले लग्न प्रतापरावांच्या मुलीशी, जानकीबाईंशी झाले, आणि दुसऱ्या पत्नी ताराबाई या हंबीररावांच्या कन्या. सोयरिकीने मान मिळे, पद मात्र मुलाकडे जात नसे.

नेताजी पालकरांना काढले का?

१६६६ च्या जानेवारीत महाराजांनी पन्हाळ्यावर रात्री हल्ला केला. गडकरी सावध होते, हल्ला फसला आणि सुमारे हजार माणसे पडली. नेताजी वेळेवर पोहोचले नाहीत. ‘समयास कैसा पावला नाहीस’ एवढा एकच प्रश्न सभासदाने नोंदवला आहे, आणि पुढच्या वाक्यात सरनौबती कडतोजी गुजरांकडे गेलेली आहे.

ज्या माणसाला लोक प्रतिशिवाजी म्हणत, ज्याने १६५९ मध्ये अफजलखानाच्या वधानंतर विजापूरकडे धडक मारली होती, त्याच्या बाबतीत हे घडले. उशीर का झाला याचे तर्क आजही चालतात. नेताजी आधी विजापूरकरांकडे आणि मग मिर्झाराजा जयसिंगाकडे गेले. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने नेताजींना पकडले, त्यांचे धर्मांतर करून महंमद कुलीखान केले आणि दूर काबूलकडे पाठवले. १६७६ मध्ये ते परत आले आणि त्यांना शुद्ध करून घेतले गेले. सरनौबती मात्र त्यांना पुन्हा मिळाली नाही. माणसाला घरात घेतले, पदावर नाही. यात महाराजांचा स्वभाव दिसतो.

सेनापतीला शत्रूशी परस्पर तह करता येई का?

प्रतापरावांचे काय झाले ते पाहिले की उत्तर मिळते. १६७२ मध्ये साल्हेरच्या उघड्या मैदानात त्यांनी आणि मोरोपंतांनी मोगलांचा पराभव केला होता. पुढच्या वर्षी आदिलशाही सरदार बहलोलखान याला त्यांनी उमराणीजवळ कोंडीत पकडले. पाण्यावाचून खानाची फौज घायकुतीला आली. खानाने पुन्हा वाटेला जाणार नाही म्हणून विनवले, आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले. उमराणी सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात आहे. तिथला उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना पाणी तोडण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

महाराज संतापले. सला (तह) काय म्हणून केला, असा जाब आला. रणांगणावरची दया हा शिपायाचा निर्णय असेल, पण शत्रूला सोडणे हा राज्याचा निर्णय आहे, आणि तो घ्यायचा अधिकार सेनापतीला दिलेला नव्हता. खान पुन्हा उलटलाच. बहलोलखानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, अशा अर्थाचा निरोप गेला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव पडले.

सेनापती म्हणून प्रतापरावांचा नेसरीचा निर्णय चुकीचा होता, असे मला वाटते. मुख्य फौज मागे ठेवून सरनौबताने मूठभर माणसांनिशी चालून जाणे शौर्याचे असले, तरी त्यामुळे फौजेचे डोके गेले. लोकांनी त्यांना उरात जपले ते वेगळ्या कारणासाठी, आणि ते योग्यच आहे.

नेसरीला प्रतापरावांबरोबर पडलेल्या त्या सहा जणांची नावे कोणती?

फलकांवर आणि समाजमाध्यमांवर नावे फिरतात. समकालीन कागदांत मात्र ती येत नाहीत. नारायण शेणवी हा इंग्रजांचा दुभाषा. १६७४ च्या एप्रिलमधल्या त्याच्या पत्रात एवढेच आहे की दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणि आणखी सहा स्वार मारले गेले आणि मागच्या फौजेची मदत पोहोचली नाही. सात हा आकडा या पत्राने पक्का होतो, नावे होत नाहीत.

हंबीररावांनी सख्ख्या बहिणीच्या विरुद्ध बाजू घेतली, हे खरे का?

खरे. सोयराबाई या त्यांच्या बहीण, राजाराम भाचे आणि जावईही. १६८० मध्ये महाराज गेल्यावर मोरोपंत आणि अण्णाजी दत्तो यांनी राजारामांना गादीवर बसवून संभाजी महाराजांना कैद करण्याचा बेत केला. फौज त्यांच्या हाती नव्हती. हंबीररावांनी त्या दोघांनाच धरून पन्हाळ्यावर संभाजी महाराजांपुढे उभे केले.

घरचा फायदा दुसऱ्या बाजूला असताना सेनापतीने थोरल्या वारसाचा पक्ष धरला. मराठी राज्यात गादीचा वाद एका सेनापतीच्या निर्णयाने मिटण्याची ही पहिली वेळ. दुसरी १७०७ मध्ये खेडला आली, तेव्हा धनाजी जाधव ताराबाईंचा पक्ष सोडून शाहू महाराजांना मिळाले. हंबीरराव १६८७ मध्ये वाईजवळ सर्जाखानाशी लढताना पडले.

संभाजी महाराजांच्या कैदेनंतर या पदाचे काय झाले?

१ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरी महाराजांना वाचवताना सेनापती म्हाळोजी घोरपडे पडले. रायगड गेला, राजाराम महाराज जिंजीला पोहोचले. खजिना नाही, मुलूख नाही, राजा पाचशे मैलांवर. अशा स्थितीत फौज उभी करायची तर रोख पगार आणायचा कुठून?

मग जुना नियम मोडला. जो सरदार फौज घेऊन मोगलांचा मुलूख जिंकेल त्याला त्याच मुलखात सरंजाम, म्हणजे फौजेच्या खर्चासाठी तोडून दिलेला मुलूख, असे वचन देणे सुरू झाले. १६९१ च्या एका कागदात हणमंतराव घोरपड्यांना रायगड, विजापूर, भागानगर (हैदराबाद), औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली, अशा एकेका टप्प्यावर सरंजाम कबूल केला आहे. राज्य जवळजवळ बुडालेले असताना दिल्ली जिंकल्यावर काय द्यायचे हे लिहून ठेवण्याची हिंमत विलक्षणच. रामचंद्रपंत अमात्यांसारख्या माणसाला या वाटेचे धोके कळत नव्हते असे नाही, पण दुसरी वाट नव्हती.

परिणाम असा की स्वार आता आपल्या सरदाराचा झाला. सेनापती म्हणजे अनेक सरदारांतला थोरला सरदार. त्याचा हुकूम बाकीचे मानत, पण पटला तर.

संताजी आणि धनाजी यांच्यातला खरा सेनापती कोण?

दोघेही, पण एकामागून एक. राजाराम महाराजांच्या काळात आधी महादजी पानसंबळ, मग साधारण १६९१ पासून संताजी घोरपडे आणि त्यांच्यानंतर धनाजी जाधव. शाळेत ‘संताजी-धनाजी’ हा जोडशब्द शिकवतात, त्यामुळे ते कायम बरोबर होते असा समज होतो. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात त्यांचे प्रतिबिंब दिसे ही दंतकथा. पण तिला जन्म देणारी दहशत खोटी नव्हती.

संताजींनी १६९२ मध्ये कर्नाटकात (आजच्या तमिळनाडूत) अलीमर्दानखानाला धरले. १६९५ च्या नोव्हेंबरात चित्रदुर्गजवळ दोड्डेरी येथे कासीमखानाच्या मोठ्या फौजेला त्यांनी एका गढीत कोंडले. रसद तोडली. कासीमखान तिथेच मेला. बाकीचे खंडणी कबूल करून सुटले. दोन महिन्यांत बसवापट्टणला हिम्मतखान ठार झाला. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. संताजीशी गाठ पडलेला माणूस एक तर मरे, किंवा जखमी होऊन कैद होई, किंवा फौज आणि सामान गमावून कसाबसा जीव वाचवी, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. शत्रूच्या लेखणीतून आलेला याहून चांगला दाखला मिळणार नाही.

संताजींची शिस्त कडक होती, चुकलेल्याला शिक्षा कठोर. सरंजामी सरदारांना हे सोसेना. राजारामांशीही बिनसले. १६९६ मध्ये खुद्द छत्रपती आणि धनाजी एका बाजूला आणि सेनापती दुसऱ्या बाजूला, अशी लढाई झाली आणि तीत संताजी जिंकले. त्यानंतर पद गेले, माणसे पांगली, आणि १६९७ मध्ये शंभूमहादेवाच्या डोंगरात नागोजी माने याने त्यांना मारले. त्यांचे शिर औरंगजेबाकडे पोहोचले.

संताजींचा स्वभाव तापट होता म्हणून असे झाले, हे नेहमीचे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. शिवकाळातली शिस्त चाले, कारण पगार राजा देई. संताजी तीच शिस्त अशा माणसांवर लादत होते ज्यांची रोजीरोटी त्यांच्या किंवा राजाच्याही हातात नव्हती.

पेशवा सेनापतीपेक्षा मोठा कधी झाला?

एका दिवसात नाही. बाळाजी विश्वनाथ हे आधी धनाजी जाधवांच्या हाताखाली वसुलीचे काम पाहत. १७०८ मध्ये धनाजी वारले आणि मुलगा चंद्रसेन सेनापती झाला. इथे बापाचे पद मुलाला गेले, हे नोंदवून ठेवा. बापाच्या हाताखालचा कारकून आता आपल्यावर नजर ठेवतो, हे चंद्रसेनाला खुपले. १७११ मध्ये शिकारीतल्या एका हरणावरून वाद पेटला, बाळाजींना जीव घेऊन पळावे लागले. शाहू महाराजांनी बाळाजींना पाठीशी घातले. चंद्रसेन आधी ताराबाईंकडे आणि मग निजामाकडे गेला. राज्याचा सेनापती फौजेसह शत्रूला मिळाला!

शाहू महाराजांनी बाळाजींना ‘सेनाकर्ते’ हे पद दिले: नवी फौज उभी करणारा. १७१३ मध्ये ते पेशवे झाले. सेनापतीपद मानाजी मोरे आणि १७१७ मध्ये खंडेराव दाभाडे यांच्याकडे गेले.

१७१९ च्या दिल्लीच्या सनदांनंतर चौथाईची, म्हणजे मुलखाच्या वसुलातल्या चौथ्या हिश्शाची, वाटणी ठरली. शेकडा २५ राजाची बाबती, ६ सचिवाचे सहोत्रा, ३ नाडगौंडा, आणि उरलेला ६६ टक्के मोकासा फौज बाळगणाऱ्या सरदारांना. आकडे पुन्हा पाहा. दोन तृतीयांश पैसा थेट सरदारांच्या हाती, आणि या वाटणीचा हिशेब पेशव्याच्या दप्तरात. सेनापतीला यात वेगळी जागाच नाही. तो मोकासा घेणाऱ्यांतला एक. डभईची लढाई बारा वर्षांनी झाली, पण निकाल इथेच लागला होता.

डभईला राज्याचा सेनापती पेशव्याच्या हातून मारला गेला, हे कसे?

गुजरातची चौथाई कोणाची, हा वाद. दाभाड्यांनी गुजरातेत जम बसवला होता आणि बाजीरावांना त्यात वाटा हवा होता. सेनापती त्र्यंबकराव दाभाडे निजामाशी संधान बांधून आहेत, असे बाजीरावांचे म्हणणे होते. १ एप्रिल १७३१ ला डभईजवळ दोघे भिडले. त्र्यंबकराव लढताना गोळी लागून पडले.

शाहू महाराजांनी बाजीरावांना घेऊन तळेगाव गाठले, त्र्यंबकरावांच्या आई उमाबाई दाभाड्यांची समजूत घातली आणि धाकट्या यशवंतरावांना सेनापतीपद दिले. पद राहिले, वस्त्रे मिळाली, मान राहिला. फौज मात्र हळूहळू दाभाड्यांच्या हाताखालच्या गायकवाडांकडे सरकली.

उमाबाई दाभाडे या सेनापती होत्या का?

पद मुलाच्या नावे होते. काही वर्षे कारभार उमाबाईंचा होता. पिलाजी गायकवाड १७३२ मध्ये डाकोरला मारले गेल्यावर त्या स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर गेल्या. म्हणून ‘पहिल्या महिला सेनापती’ हा उल्लेख सनदेच्या भाषेत बसत नसला तरी वस्तुस्थितीत फारसा खोटा नाही. १७५१ मध्ये ताराबाईंच्या बाजूने त्या नानासाहेब पेशव्यांविरुद्ध उभ्या राहिल्या. दमाजी गायकवाड साताऱ्यापर्यंत आले, पण फसले. दाभाडे आणि गायकवाड दोघेही कैदेत पडले आणि अर्धी गुजरात पेशव्यांना द्यावी लागली. दोन वर्षांनी उमाबाई वारल्या.

मग पानिपतावर सेनापती कोण होता?

राज्याचा सेनापती दाभाडे घराण्यातला, आणि फौज त्याच्या हुकमाखाली नव्हती. १७६१ मध्ये मोहिमेचे नाव विश्वासरावांचे आणि मुखत्यारी सदाशिवरावभाऊंची. भाऊ हे पेशव्यांचे चुलतभाऊ आणि कारभारी. शिंदे, होळकर, विंचूरकर, गारद्यांचा इब्राहीमखान हे आपापल्या पथकांचे मालक. गोल करून (बंदिस्त रचनेत) लढायचे की गनिमी काव्याने, यावर ऐन मोहिमेत मतभेद राहिले. सर्वांना बांधील धरणारा एक हुकूम नव्हता.

सेनासाहेबसुभा, सेनाखासखेल, सरलष्कर ही सेनापतीचीच नावे का?

नाही, ती निरनिराळ्या घराण्यांची पदे आणि किताब आहेत. सेनासाहेबसुभा नागपूरकर भोसल्यांकडे, सेनाखासखेल बडोद्याच्या गायकवाडांकडे. सरलष्कर हे सेनापतीखालचे पद; हैबतराव निंबाळकर हे त्यांतले ठळक नाव.

आरमार सेनापतीच्या ताब्यात होते का?

नव्हते. समुद्रावरचा मुख्य तो सरखेल, आणि कान्होजी आंग्र्यांमुळे ते नाव अजून चालते आहे. कान्होजींशी बोलणी करायची वेळ आली तेव्हा १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथच गेले होते.

कोल्हापूरच्या गादीचा सेनापती वेगळा होता का?

होय. दोन गाद्या झाल्यावर प्रधानही दोन झाले. कोल्हापूरकडे सेनापतीपद घोरपडे घराण्यात राहिले आणि कागल तालुक्यातली कापशी ही त्यांची जहागीर. गावाचे नाव आजही ‘सेनापती कापशी’ आहे. तिथल्या चपला प्रसिद्ध आहेत, त्यामुळे अनेकांना गाव चपलांवरून माहीत असते आणि नावातला सेनापती विचारायचा राहून जातो.

बापू गोखले हे शेवटचे सेनापती ना?

पेशव्यांचे सेनापती म्हणून हो. छत्रपतींच्या अष्टप्रधानांतले ते सेनापती नव्हेत. १८१७ मध्ये खडकीला आणि १८१८ च्या फेब्रुवारीत अष्टीला ते इंग्रजांशी लढले, अष्टीला पडले. त्याच लढाईनंतर साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले.

सेनापती बापटांचा या पदाशी संबंध?

काही नाही. पांडुरंग महादेव बापट यांना मुळशी सत्याग्रहातल्या नेतृत्वामुळे लोकांनी सेनापती म्हटले. मुंबई-पुण्यातले रस्ते त्यांच्याच नावाचे आहेत.

आजच्या लष्करप्रमुखाशी तुलना करता येईल का?

थोडीच. आजचा प्रमुख ठरावीक मुदतीचा असतो, स्वतः तलवार घेऊन पुढे जात नाही, आणि जानेवारी २०२० पासून तिन्ही दलांमध्ये समन्वय ठेवायला संरक्षण दल प्रमुख हे वेगळे पद आहे. जनरल अरुणकुमार वैद्य आणि जनरल मनोज नरवणे ही लष्करप्रमुखाच्या खुर्चीवर बसलेली मराठी नावे. तुलना करायचीच तर शिवकाळाशी करावी. पगार राज्याच्या तिजोरीतून, हिशेब दुसऱ्या खात्याकडे, नेमणूक वारशाने नाही, आणि तह-युद्धाचा निर्णय सेनापतीचा नाही. उत्तर पेशवाईतल्या सरंजामी फौजेत यातले काहीच उरले नव्हते.

या सेनापतींची स्थळे पाहायची असतील तर कुठे जावे?

प्रतापरावांचे स्मारक नेसरीला, गडहिंग्लज तालुक्यात. हंबीररावांची समाधी कराडजवळ वसंतगडाच्या पायथ्याशी तळबीडला. पुणे-बंगळूर महामार्गावरून सहज वळता येते, आणि गड चढायचा असेल तर सकाळी लवकर जावे. धनाजी जाधवांची समाधी पेठवडगावला. उमाबाईंची समाधी तळेगाव दाभाडे येथे. बापू गोखल्यांची अष्टी सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यात येते. अष्टी नावाची गावे बरीच आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी तालुका तपासून घ्यावा.